कित्त्यातले पक्षी

‘कित्ता’ या शब्दाला मराठीत मोठी विचित्र प्रतिष्ठा आहे. थोरांचा कित्ता गिरवावा, असे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. आणि त्याच आठवड्यात एखाद्या नव्या संग्रहावर लिहिताना ‘कवीने पूर्वसूरींचाच कित्ता गिरवला आहे’ असा शेरा मारून मोकळे होतो. पहिल्या वाक्यात गिरवणे हा सद्गुण आहे, दुसऱ्यात दोष. मराठीचे अध्यापक म्हणून ही दोन्ही वाक्ये आम्ही अनेकदा उच्चारली आहेत. कित्ता ही प्रत्यक्षात काय वस्तू होती, तो गिरवताना हाताचे आणि मनाचे काय होत असे, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नव्हता.

तो पडला एका टाकामुळे. आमच्याकडे मोडी वाचनाचा एक छोटा वर्ग चालतो. गेल्या पावसाळ्यात त्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने आजोबांच्या पेटीत सापडलेला टाक आणला. लाकडी दांडा, पत्र्याची खोबण आणि तीत गंजत चाललेली एक टोकदार पोलादी निब. ‘याने मोडी लिहिता येईल का?’ असा तिचा साधा प्रश्न होता. आम्ही दोघांनी अध्यापकी उत्साहाने ‘का नाही येणार?’ असे म्हटले आणि फळ्याकडे वळलो. तासाच्या शेवटी कागदावर भोके होती, बाकावर शाईचे शिंतोडे होते आणि मोडीचे एकही अक्षर उमटलेले नव्हते.

आमची चूक कुठे झाली हे समजून घेण्यासाठी थोडे तपशिलात शिरावे लागेल. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्या बोरूच्या. बोरूचे टोक तिरके आणि रुंद कापलेले असते. त्यामुळे रेघ जाड की बारीक हे हात कोणत्या दिशेने सरकतो यावर ठरते. दाबण्याची गरज पडत नाही. टोकदार निबेचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिच्या टोकाशी उभी चीर असते. वरून खाली येताना दाब दिला की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात, मधली जागा शाईने भरते आणि रेघ जाड होते. दाब सोडला की त्या पुन्हा मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक होते. खालून वर जाताना मात्र दाबायचे नाही. दाबले तर दोन्ही टोके कागदात रुततात, अडखळतात आणि सुटताना शाई उडवतात. बोरूत रेघेची जाडी धारेतून येते आणि निबेत दाबातून, असे थोडक्यात म्हणता येईल. आपल्या अनुभवातले याला सर्वांत जवळचे काही असेल तर ती रांगोळी. तिथेही चिमटीच्या सैल-घट्ट होण्यावर आणि हाताच्या वेगावर रेघेची जाडी ठरते, आणि नवशिक्या हाताची रांगोळी नेमकी वळणावर सांडते.

टोकदार लेखणीने लिहिल्या जाणाऱ्या या अक्षराला आज ‘कॉपरप्लेट’ म्हणतात. या नावातच त्याचा इतिहास दडलेला आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातल्या लेखनशिक्षकांची कित्त्यांची पुस्तके तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जाऊ लागली. कोरणाऱ्याची सळई पत्र्यात जितकी खोल जाईल तितकी रेघ जाड, जितकी वरवर सरकेल तितकी बारीक. म्हणजे दाबाचे व्याकरण आधी पत्र्यावर सिद्ध झाले आणि मग कागदावरच्या पिसाच्या लेखणीने त्याची बरोबरी करायचा ध्यास घेतला. शिष्याने गुरूचे अक्षर गिरवायचे, पण त्याच्यासमोर असे ते गुरूचे अक्षर नव्हे; कोरक्याच्या हाताने तांब्यातून गाळून आलेले त्याचे रूप असे. इटलीत जोव्हान फ्रांचेस्को क्रेशी याने १५६० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकापासून अक्षरे अधिक गोल, अधिक वाहती होऊ लागली. (त्याचे पुस्तक मात्र अजून लाकडी ठशांचे होते.) हे वळण पुढे फ्रान्स आणि हॉलंडमार्गे इंग्लंडात पोहोचले आणि तिथे व्यापाऱ्यांच्या वह्यांसाठी त्याला पक्के रूप मिळाले. जॉर्ज बिकमचा ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा ग्रंथ १७३३ ते १७४१ या काळात भागाभागाने निघाला. त्यात पंचवीस लेखनशिक्षकांचे नमुने कोरलेले आहेत आणि कोरीव पानांची संख्या दोनशेच्या वर आहे. इंग्रजी गोल अक्षराचा हा जणू शाकुंतल-मेघदूत.

या पुस्तकांत एक चमत्कारिक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि आमच्या लेखाचा विषय तिच्यापाशी सुरू होतो. पानाच्या मध्यभागी व्यापारी पत्राचा नमुना असतो किंवा नीतिवचन असते. त्याभोवती, लेखणी न उचलता एकाच लपेटीत काढलेले पक्षी असतात, मासे असतात, घोडेस्वार असतात, शिडे फुगवलेली जहाजे असतात. डच लेखनशिक्षक यान व्हान डेन व्हेल्डे याच्या १६०५च्या पुस्तकात अशा लपेटींची लयलूट आहे. इंग्लंडात सतराव्या शतकात एडवर्ड कॉकरने तोच खेळ खेळला. या प्रकाराला इंग्लंडात जे नाव होते त्याचा अर्थ ‘हातावरची हुकमत’ असा होतो. हे पक्षी पाहणाऱ्याला सजावट वाटत, काढणाऱ्याला मात्र ती परीक्षा होती. ज्याला एका श्वासात हंसाची मान वळवता येते त्याच्या हातून अक्षराचे वळण बिघडणार नाही, असा त्यामागचा दावा.

अर्थात हा दावा सर्वांना मान्य नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये चार्ल्स स्नेल या शिक्षकाने साध्या, उपयोगी, नियमबद्ध अक्षराचा पुरस्कार केला आणि असल्या लपेटींना नाके मुरडली. व्यापाऱ्याच्या मुनिमाला मोर काढता येऊन काय उपयोग? त्याच्या वहीतला आकडा वाचता आला पाहिजे. स्नेल आणि जॉन क्लार्क यांच्यात अक्षरांच्या नियमांवरून छापील भांडणही झाले. आपल्याकडच्या अलंकारवाद्यांचा आणि रीतिवाद्यांचा वाद शिकवताना आम्हांला अलीकडे ही लंडनची मास्तरमंडळी आठवतात. वादाचा मुद्दा फारसा निराळा नाही : सौंदर्य अंगभूत की वरून चढवलेले?

येथवर सगळे लिखाण पिसाच्या लेखणीचे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बर्मिंगहॅमला यंत्रावर पोलादी निबा तयार होऊ लागल्या. जोसेफ गिलट, जोसाया मेसन ही त्या धंद्यातली मोठी नावे. चाकूने पीस कापण्याचे कौशल्य त्यामुळे अनावश्यक झाले. पेटीभर निबा स्वस्तात मिळू लागल्या आणि लिहिणे ही कारकुनांच्या फौजेची गोष्ट झाली. आजोबांच्या पेटीतला तो टाक या फौजेतल्याच कुणाचा.

या फौजेच्या कवायतीची कथा थोडी काळी आहे. जोसेफ कार्स्टेअर्स याने लंडनमध्ये १८१४च्या सुमारास बोटांऐवजी संपूर्ण हाताच्या हालचालीने लिहिण्याची पद्धत मांडली. कल्पना चांगली होती. बोटांनी लिहिणारा लवकर थकतो, दंडापासून लिहिणारा थकत नाही. पण बोटे ऐकत नाहीत म्हणून त्याने ती फितीने लेखणीशी बांधून टाकली. बांधलेल्या बोटांनी मुले ओळींवर ओळी लंबगोल काढत. अमेरिकेत ही पद्धत गेली तेव्हा फीतही गेली. ‘अक्षर वळणावर आणणे’ हा आपला वाक्प्रचार वापरताना आम्हांला ही फीत आता डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि त्याच अमेरिकेत, त्याच काळात, एक अगदी वेगळा माणूस होता. प्लॅट रॉजर्स स्पेन्सर. जन्म १८००, न्यूयॉर्क राज्यातला. वाढला ओहायोत, ईरी सरोवराच्या परिसरात. त्याच्याबद्दलच्या आख्यायिका त्याच्या मुलांनी आणि शिष्यांनी भक्तिभावाने जपल्या आहेत, त्यामुळे त्या चिमूटभर मिठासह घ्याव्यात. घरी कागद विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून तो भूर्जाच्या सालीवर, बर्फावर आणि सरोवराकाठच्या वाळूवर अक्षरे काढत असे, असे सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्याच्या अक्षराचे तत्त्व उरतेच. लाटांनी गुळगुळीत झालेले लंबगोल गोटे, पाण्याची उठती-बसती रेघ, पक्ष्याच्या भरारीचा बाक, यांतून त्याने अक्षरांचे मूळ आकार घेतले. पुढे त्याच्या पद्धतीत सगळी अक्षरे सात मूलतत्त्वांत बसवली गेली : सरळ रेघ, उजवा बाक, डावा बाक, लांबट फास, लंबगोल आणि असेच आणखी दोन. ओहायोतल्या जिनिव्हा गावी ओंडक्यांच्या झोपडीत तो शिकवत असे. १८६४ साली तो वारला. पण नंतरची दोन-तीन दशके अमेरिकेतल्या शाळांत आणि पेढ्यांत त्याचेच अक्षर चालले. त्याचे वंशज आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही दिसतात. कोका-कोलाचे नाव १८८०च्या दशकात कंपनीचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन याने याच वळणाने लिहिले. निब, कित्ता, लंबगोल यांचा गंध नसलेल्या कोट्यवधी माणसांना स्पेन्सरी अक्षर ओळखता येते ते एवढ्या एका नावामुळे.

धूळपाटी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वाळूवरच्या अक्षरांचे नवल वाटणार नाही. धुळाक्षरे गिरवतच आपल्या पिढ्यान्पिढ्यांनी ‘ओनामा’ केला. वाळूचा आणि धुळीचा मोठा गुण असा की ती चूक लक्षात ठेवत नाही. कागद लक्षात ठेवतो. कित्त्याचा कागद तर चुकीला शिक्षाही देतो, कारण तुमच्या ओळीच्या वरच गुरूची ओळ असते.

स्पेन्सरच्या शिष्यांच्या पिढीत लपेटीच्या पक्ष्यांना अमेरिकेत पुन्हा बहर आला. ही मंडळी गंमत म्हणून नव्हे तर रोजच्या मेहनतीचा भाग म्हणून पक्षी काढत. त्याची एक रीत होती. टाक नेहमीसारखा न धरता उलटा फिरवायचा, म्हणजे निबेचे टोक लिहिणाऱ्याकडे येते. मग दाब खाली येताना नव्हे तर दूर जाताना पडतो आणि पंखाचा जाड बाक शरीरापासून बाहेर फेकता येतो. चोच, डोके, पाठ, शेपटीची पिसे, मग भोवतालच्या वेली, असा क्रम. चार्ल्स झेनर याने ओहायोतच कोलंबस शहरात १८८८ मध्ये लेखनाची शाळा काढली आणि एल्मर ब्लोझर तिच्यात भागीदार झाला. तिथून बाहेर पडलेले लेखनशिक्षक पक्षी काढल्याशिवाय पदवीधर वाटत नसत.

पण टाइपरायटर आला होता, पेढ्यांना घाई होती आणि जाड-बारीक अक्षराला वेळ लागत होता. ऑस्टिन पामर या शिक्षकाने १८९४ साली धंदेवाईक अक्षराचे पुस्तक काढले आणि जाडी काढूनच टाकली. निब टोकदारच राहिली, पण दाबायचे नाही. कोपराखालचा मांसल भाग मेजावर टेकवून त्याच्या सरकण्यावर हात धावू द्यायचा. सरावाला दोनच आकृत्या : एकमेकांवर रचलेले लंबगोल आणि वर-खाली तिरक्या रेघा. मिनिटाला दोनशेच्या वेगाने, शिक्षकाच्या मोजणीवर, सगळ्या वर्गाने एकदम. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली लक्षावधी मुले या कवायतीतून गेली. टमारा थॉर्नटन यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हस्ताक्षराचा सांस्कृतिक इतिहास लिहिला आहे. ही कवायत हातापेक्षा स्वभावाला वळण लावण्यासाठी होती, कारखान्याच्या युगाला हवी तशी शरीरे तयार करण्यासाठी होती, हे त्यांनी फार चांगले दाखवले आहे. त्या वर्गांत डावखुऱ्या मुलांचा हात बदलायला लावणे ही सर्रास गोष्ट होती.

येथे आम्हां दोघांपैकी एकाची गोष्ट सांगितली पाहिजे. तो डावखुरा. तिसरीत असताना गुरुजींनी त्याची पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली. ती पुन्हा डावीकडे गेली की बोटांच्या पेरांवर पट्टी. गुरुजी दुष्ट नव्हते, त्यांच्या मते ते त्याचे भलेच करत होते. वर्षभरात त्याचा हात बदलला. आज तो उजव्या हाताने लिहितो, डाव्या हाताने कॅरम खेळतो आणि त्याचे अक्षर इतके वाईट आहे की फळ्यावर लिहिण्याचे काम शक्य तिथे दुसऱ्याकडे ढकलतो. पामरचे ते लंबगोल पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो म्हणाला, ‘हे मला ओळखीचे वाटते.’

लेखनिकाचे शरीर आणि त्याचे मन यांतला हा तणाव कादंबरीकारांनी फार लवकर ओळखला होता. आमच्यातल्या साहित्यशिक्षकाला येथे थोडे मोकाट सुटू द्यावे. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (१८४२) अकाकी अकाकीयेविच नकला उतरवणारा क्षुद्र कारकून आहे, पण त्याची काही लाडकी अक्षरे आहेत, ती आली की त्याचा चेहरा फुलतो. मेलव्हिलचा बार्टलबी (१८५३) वॉल स्ट्रीटवर नकलाच करतो आणि एके दिवशी शांतपणे नकार देतो. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’मधला प्रिन्स मिश्किन तर स्वतः सुलेखनकार आहे. जनरलच्या कचेरीत नोकरी मागायला गेला असता तो जुन्या मठाधिपतीचे अक्षर, फ्रेंच वळण, इंग्रजी वळण असे नमुने लिहून दाखवतो आणि त्यांतले भेद इतक्या प्रेमाने सांगतो की ऐकणाऱ्यांना त्याच्या भाबडेपणाचा विसर पडतो. लपेट ही फार जोखमीची चीज आहे, तिला विलक्षण रुची लागते, असेही त्याचे म्हणणे आहे. तिघांच्याही हाती लेखणी आहे आणि तिघेही दुसऱ्याचाच मजकूर उतरवत आहेत. पण अकाकीचे आणि मिश्किनचे गिरवणे खेळाच्या सीमेवर आहे, बार्टलबीचे नाही. आमच्या मते हा भेद कष्टाच्या प्रमाणाचा नव्हे, लक्ष कुठे आहे याचा आहे.

विसाव्या शतकात खेळ पुन्हा वर्गात आला तो मात्र टोकदार निबेच्या गोटातून नव्हे. एडवर्ड जॉन्स्टन याच्या १९०६च्या ग्रंथाने इंग्लंडात रुंद धारेच्या लेखणीचे पुनरुज्जीवन केले आणि त्याच्या अनुयायांना कॉपरप्लेट म्हणजे कोरक्याची नक्कल, लेखणीचा अपमान वाटू लागला. त्याच वातावरणात मॅरियन रिचर्डसन ही चित्रकलेची शिक्षिका डडली गावी काम करत होती. तिचे ‘रायटिंग अँड रायटिंग पॅटर्न्स’ १९३५ साली निघाले. तिची सूचना अशी की अक्षराचे मूळ आकार मुलांनी आधी नक्षी म्हणून काढावेत : लाटा, कमानी, करवतीचे दाते, फासांच्या माळा. पानभर काढाव्यात, रंगवाव्यात, हव्या तशा फिरवाव्यात. अक्षर नंतर येईल, किंवा आलेलेच असेल. त्याही आधी, १९०७ पासून, रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी मुलांना धातूच्या आकृत्यांच्या कडा गिरवून आत रेघा भरायला दिल्या होत्या; लिहिण्यापूर्वी हात तयार व्हावा म्हणून. हा धागा आपल्याकडे ताराबाई मोडकांच्या बोर्डीच्या आणि कोसबाडच्या कामापर्यंत येतो, आणि तिथे पालघरच्या आदिवासी पाड्यांत त्याला साधने मिळाली ती खडे, पाने, बिया अशी.

आज टोकदार निबेचा हौशी सराव जगभर चालतो. कचेरीला त्याची गरज उरलेली नाही, म्हणूनच बहुधा तो मोकळा झाला आहे. जपानी व्यंगचित्रकथांसाठी बनणाऱ्या ‘जी’ निबा या मंडळींच्या विशेष आवडीच्या, आणि एका जर्मन निळसर फुगीर निबेला तर त्यांनी प्रेमाने ‘निळा भोपळा’ असे नाव ठेवले आहे. सरावासाठी ही माणसे कोऱ्या ओळी भरत बसत नाहीत, विषय घेतात. एका पानावर फक्त पाऊस, दुसऱ्यावर फक्त पिसे, तिसऱ्यावर माशांचे खवले. पामरचे लंबगोल त्यात आहेतच, पण ते ढग झालेले असतात.

आम्ही हे करून पाहिले. विद्यार्थी सात, आम्ही दोघे, आणि शाईत कालवायला बाभळीचा डिंक, कारण साधी शाई निबेवरून भसकन उतरते. उत्तरपत्रिकेच्या कागदावर ती पसरते हे कळायला एक दुपार गेली. नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो आणि तो काढला नाही तर शाई धरत नाही, हे कळायला दुसरी. (दंतमंजनाने घासणे हा उपाय विद्यार्थ्यांचा. आमची पुस्तकी ज्योतीची सूचना एका निबेला भोवली.)

पहिले पान पावसाचे. कॉपरप्लेटची तिरकस रेघ तळाच्या ओळीशी पंचावन्न अंशांचा कोन करते. मार्गदर्शक रेघा आखून त्यांवर वरून खाली, एकाच दाबाने, समांतर धारा ओढायच्या. अक्षर म्हणून हीच रेघ काढताना मुलांचे हात आखडत होते. पाऊस म्हणताच सैल झाले. मग डबकी आली, म्हणजे लंबगोल : डावी कड जाड, उजवी बारीक. मग छत्र्या, म्हणजे वरचे वळण : दाबाशिवाय चढायचे, माथ्यावरून वळायचे आणि उतरताना दाब भरायचा. शेवटी शेवाळ आणि गवत, त्यात दाब हळूहळू भरून हळूहळू सोडायचा, म्हणजे पाते मध्ये फुगते आणि टोकाला निमुळते होते. तासाभरात इंग्रजी लहान लिपीला लागणाऱ्या बहुतेक हालचाली त्या एका पानावर येऊन गेल्या आणि कोणी एकही अक्षर लिहिलेले नव्हते.

हा आनंद फसवा नाही ना, अशी शंका आम्हांला आली आणि ती पूर्ण गेलेली नाही. कडू गोळीला साखर लावण्याचा हा प्रकार असू शकतो. कवायत तीच, फितीऐवजी ढग. वर्गात संगीत शिकणारी एक मुलगी होती, तिने या शंकेला नकळत एक वेगळी दिशा दिली. ती म्हणाली, ‘सर, हे अलंकारांसारखं आहे.’ आम्हांला उपमा-उत्प्रेक्षा आठवल्या. तिच्या मनात होते गायनातले अलंकार, म्हणजे सा रे ग, रे ग म असे पलटे, जे रोज पहाटे घोटायचे असतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आम्ही आयुष्यभर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. काव्यशास्त्रात अलंकार म्हणजे शोभा. गाण्यात अलंकार म्हणजे मेहनत. व्हान डेन व्हेल्डेचा मासा या दोन्ही अर्थांनी अलंकार आहे. स्नेलने त्यातली शोभा पाहिली आणि नाक मुरडले. पामरने मेहनत ठेवली आणि मासा काढून टाकला. गवयाच्या पलट्यात मात्र सुराला अर्थ नसला तरी गोडी असते, आणि ती गोडी कुणी वरून लावलेली नसते. पावसाचे पान काढताना मुलांना जे मिळाले ते बहुधा या जातीचे होते. बहुधा म्हणतो, कारण सातांपैकी दोघांना ते पान कंटाळवाणे वाटले आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनाच्या क्रियेवर आहे. बोरू, शाई, कागद, समास, ओळींचे अंतर, अक्षरांची समता, सगळे त्यात बारकाईने येते. तरुणपणी हौसेने बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, इतका व्यवहारही समर्थ सांगतात. पाहणाऱ्या जाणत्याला सुख वाटावे, हे त्यांचे प्रयोजन. लिहिणाऱ्याच्या सुखाचा प्रश्न त्यांनी उपस्थित केलेला नाही, आणि सतराव्या शतकात पोथ्या उतरवणाऱ्याकडून तशी अपेक्षाही नसावी. पण आमच्या परंपरेत या सुखासाठी शब्दच नसावा, हे आम्हांला पटत नाही. ‘गिरवणे’त ते कुठेतरी आहे. तेच ते पुन्हा काढत राहण्यात बोटाला जी ऊब येते ती.

मोडीच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. येते, पण परके दिसते. टोकदार निबेने देवनागरी वा मोडी लिहिली की काना ठसठशीत उतरतो आणि शिरोरेघ कोळ्याच्या धाग्यासारखी पडते. बोरूच्या अक्षरात त्या दोघांची जाडी जवळपास सारखी असते. डोळ्याला ते अक्षर उपाशी वाटते. त्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी बहुधा टाकाने इंग्रजी लिहिले असावे. पेटीत मोडीचे कागद नव्हतेच. तिने ती गंजकी निब काडेपेटीत कापूस घालून ठेवली आहे आणि दांड्यात नवी ‘जी’ निब बसवली आहे.

डावखुऱ्या लेखकाबद्दल एक तांत्रिक गोष्ट आम्हांला या सगळ्यात उशिरा कळली. कॉपरप्लेटचा तो उजवीकडे कललेला कोन उजव्या हाताला मुळीच सोयीचा नाही. मनगट अवघडते, म्हणूनच निब एका बाजूला तिरकी धरणारे खास दांडे एकोणिसाव्या शतकात निघाले आणि आजही बहुतेक सगळे तेच वापरतात. ओळीखाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्याला त्यांची गरज नसते. साधा सरळ दांडा घेतला की निब आपोआप त्या कोनात बसते. आमच्या या मित्राने वर्ग संपल्यावर सगळे गेलेले पाहून टाक डाव्या हातात घेतला. आधी पावसाचे अर्धे पान काढले आणि मग त्याखाली स्वतःचे नाव लिहिले. पाऊस चांगला आला होता. नाव तिसरीतल्या मुलाने लिहावे तसे आले होते. ते त्याने फाडून खिशात घातले आणि पावसाचा तुकडा तेवढा दाराशेजारच्या फलकावर लावला.